गाठी मारलेला स्वेटर

नेरूळला थंडी पडते असं सांगणारा माणूस एक तर कालच राहायला आलेला असतो, नाही तर लोकर विकत असतो. आमच्याकडे थंडी म्हणजे पंखा पाचावरून दोनावर आणायचा. तरीही चौऱ्याण्णव साली मी तिथे विणकामाचा क्लास चालवत होते आणि तो बरा चालत होता. बायकांना स्वेटर नकोच असतो, दुपारची घराबाहेर बसायला जागा हवी असते. माझा नवरा तुर्भ्याला कारखान्यात गेला की आमच्या बाहेरच्या खोलीत चार-पाच जणी सुया घेऊन येत आणि विणता विणता एकमेकींच्या सासवांची पिसं काढत.

मी स्वतः क्षमाशील वगैरे नाही, हे आधीच सांगून ठेवते. माझ्या लग्नात माझ्या जावेने माझ्या आईला पंगतीतून उठवलं होतं. त्यानंतर मी तिच्या घरचं पाणी प्यालेले नाही. लोक म्हणतात, सोडून द्यावं. सोडून द्यायला ते काय कबूतर आहे? ज्याचं जळतं त्यालाच कळतं. म्हणूनच भागीरथीमावशी मला आवडली, आणि तिची गोष्ट मी तिच्याच बाजूने सांगणार आहे. दुसरी बाजू ज्यांना हवी असेल त्यांनी नाशिकला जाऊन विचारावी.

भागीरथीमावशी आमच्या सोसायटीतली नव्हती. सोसायटीच्या भिंतीपलीकडे जुनं गाव होतं, तिथली आगरीण. आमच्या इमारती ज्या शेतांवर उभ्या राहिल्या त्यांतलं एक तिचं होतं. आमच्या नळाला पाणी नसलं की मी कळशी घेऊन तिच्या विहिरीवर जायचे, तिथे आमची ओळख झाली. पन्नाशी उलटलेली, काळीसावळी, बोलायला कमी आणि बघायला जास्त. तिच्या बापाला मुलगा नव्हता. जाळं विणायचं काम त्यांच्यात पुरुषांचं, पण बापाने ते हिलाच शिकवलं. नवरा देवजीकाका. जमीन गेली तरी त्यांची होडी गेली नव्हती, रोज भरतीचा अंदाज घेऊन ते खाडीत जायचे, आणि त्या होडीतलं प्रत्येक जाळं मावशीच्या हातचं असायचं. तिच्या बोटांना दोऱ्याने पडलेले चर होते. त्या हातांचा तिला अभिमान होता, आणि तो तिने कधी लपवला नाही.

तिचा मुलगा विपुल तळोज्याला एका कंपनीत नोकरीला. त्याने प्रेमविवाह केला. मुलगी सुचिता, नाशिकची, शिकायला नेरूळच्या हॉस्टेलवर आली होती ती इथलीच झाली. पोरगी गुणी. मावशीने तिला भाकरी थापता येत नाही म्हणून कधी टोचलं नाही. पण सुचिताच्या आईला, मीनाबाईंना, हे लग्न घशाखाली उतरलं नव्हतं. शिकलीसवरली मुलगी खाडीकाठी दिली, असं त्या बोलायच्या. दिली कुठे? ती आपणहून आली होती.

सुचिताचं डोहाळेजेवण मावशीच्या घरी झालं. मीनाबाई नाशिकहून आल्या होत्या. गावातल्या बायका, सोसायटीतल्या आम्ही, सगळी मिळून ओटा भरला होता. मावशीने होणाऱ्या बाळासाठी कुंची शिवली होती, स्वतःच्या लग्नातल्या शालूची. ती तिने विहिणीच्या हातात दिली. मीनाबाईंनी ती दोन बोटांत धरली, नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "धुवून घ्यावी लागेल हं. वास येतोय. पेटीत सुकी मासळी ठेवता का?"

दोघी-तिघी हसल्या. मीनाबाईंना हसणं मिळालं की चेव येत असे. त्या पुढे म्हणाल्या, "आणि स्वेटरचं तुम्ही मनावर घेऊ नका. ते मी बघते. लोकर म्हणजे काही जाळं नव्हे, त्याला नाजूक हात लागतात."

आता मात्र ओटाभर हसू पसरलं. गावातल्या बायकाही हसल्या, पाहुणीला बरं वाटावं म्हणून असेल, पण हसल्या. मावशीने आपले हात पदराखाली घेतले. मी तिच्याशेजारीच बसले होते, मला ते दिसलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं करणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत, पण दुसऱ्याच्या घरी, त्याच्याच ताटात जेवून, त्याच्याच हातांना नाव ठेवणारी ही पहिलीच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मावशीने सगळ्यांना खीर वाढली, मीनाबाईंना दोनदा वाढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या दारात उभी.

"मना शिकव," ती म्हणाली. "सोटर."

"बाळासाठी?"

"बालासाठी. आनि तिच्यासाठी." ती आत येऊन फरशीवर बसली. "चार बायांत माझं हात काय कामाचं नाय बोल्ली. आता चार बायांतच तिना बोलाया पायजे, का माझी चूक झाली. तोपर्यंत मी सोरनार नाय."

तर असं होतं सगळं. तिला स्वेटर नको होता, तिला माफी हवी होती, तीही चार बायकांसमोर. स्वेटर हे फक्त हत्यार.

बाळंतपण पहिलं, म्हणजे माहेरी. बाळ जानेवारीत नाशिकला होणार, बारसंही तिथेच. नाशिकची जानेवारीतली थंडी खरी थंडी असते. म्हणजे स्वेटर लागणारच होता, फक्त कोणाचा अंगावर चढतो एवढाच प्रश्न.

लोकर आणायला आम्ही दोघी बाजारात गेलो. दुकानदाराने तान्ह्या बाळाची म्हणून पांढरी, फिकी गुलाबी, फिकी निळी अशी काढून ठेवली. मावशीने त्याच्या मागच्या फळीवरची लालभडक लोकर दाखवली. मी म्हटलं, मावशी, बाळाला फिका रंग शोभतो. ती म्हणाली, "लांबून दिसला पायजे." मी वाद घातला नाही. शत्रूच्या घरात न्यायची वस्तू आहे, ती लांबून दिसलीच पाहिजे.

विपुलने संध्याकाळी लोकर पाहिली. "आई, कशाला टेन्शन घेते? वाशीला रेडिमेड एक नंबर मिळतात." मावशीने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो चहाचा कप घेऊन ओट्यावर गेला.

शिकवायला बसले तेव्हा कळलं, नवख्या बाईला शिकवणं सोपं, पण जिचे हात आधीच दुसरं काही शिकलेत तिला शिकवणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. तिने पहिल्यांदा काय केलं असेल, तर लोकरीचं टोक पायाच्या अंगठ्याला बांधलं. जाळं असंच ताणून विणतात. मी ते सोडवलं. मग ती टाके घालायला लागली आणि घातलेला प्रत्येक टाका सुईवर गाठ मारून बांधायला लागली. टाके इतके घट्ट की दुसरी सुई आत शिरेना. तिने जोर केला, माझी ॲल्युमिनियमची सुई वाकली. क्लासमधल्या बायका तोंडाला पदर लावून बसल्या. मी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं.

"मावशी, गाठ मारायची नाही. टाका नुसता टाक्यात अडकतो. तेवढ्यावर स्वेटर उभा राहतो."

"आनि सुटला म्हंजे?"

"सुटला तर परत विणायचा. हे बघा." मी माझ्याच हातातल्या कामाचं टोक ओढलं. सरसर करत वीतभर विणलेलं उसवलं आणि वळणावळणाची लोकर मांडीवर पडली.

ती बघतच राहिली. "यवरा सगला? एका हिसक्यात?" तिला ते खरोखर भयंकर वाटलं होतं. "बाय, गाठ नाय त जालं नाय. एक घर फाटलं तरी बाकीची धरून ठेवतात, का त्यांना गाठ हाय. तुमचा यो कसला धंदा, एक सुटला का सगलं सुटलं."

पण ती हटली नाही. रोज दुपारी यायची, सगळ्यांच्या आधी. सुलट टाका तिला लवकर आला. उलट टाक्याला तिने आठवडाभर शिव्या घातल्या, आगरी शिव्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. कधी टाका गळायचा, कधी लोकर सुईवर नकळत जास्तीची पडून टाके वाढायचे आणि पाठीचा भाग वर वर पसरत जायचा. देवजीकाकांनी एकदा तो तुकडा उचलून उजेडात धरला. "यात मासा शिरंल, पन परत जानार नाय," ते म्हणाले. एवढं बोलून ते गप्प झाले, कारण बायको बघत होती.

आणि गाठी. ओळ संपली की तिचा हात आपोआप शेवटच्या टाक्याभोवती लोकर फिरवून गाठ मारायचा. तिला कळायचंही नाही. मी सुईने, दाताने, शेवटी कात्रीने ती सोडवायचे आणि परत सांगायचे. दिवाळी येईपर्यंत मी ते सोडवत होते. मग हळूहळू सुटलं. दिवाळीनंतर तिने मला अख्खी पाठ विणून दाखवली, सपाट, सरळ, कडेला एकही गाठ नाही. पहिल्या स्वेटरची एवढी चांगली पाठ माझ्या क्लासमध्ये कोणी केली नव्हती. मी तसं म्हटलंही. ती हसली. तिला हसताना मी फार पाहिलेलं नाही.

सुचिता तेव्हा अजून सासरीच होती, आठवड्याभरात तिला नाशिकला नेणार होते. ती पोट सांभाळत भिंतीला टेकून बसली, विणलेल्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आई, मस्त झालंय." मावशीला ती आईच म्हणायची. मग थोडी घुटमळली. "एक सांगू? वाईट नाही ना वाटून घेणार? आमच्या घरी मम्मी दुसऱ्याच्या हातचं विणलेलं ठेवत नाही. माझ्या आत्याने माझ्यासाठी स्वेटर केला होता, मम्मीने तो दुसऱ्या दिवशी उसवला आणि त्याच लोकरीचे मोजे केले. म्हणाली, वीण बरोबर नव्हती. काकूने दिलेल्या शालीचंही तेच केलं. सगळ्यांसमोर करते. तिला त्यात काही वाटत नाही. तुमचाही उसवेल, म्हणून म्हटलं, आधी सांगावं."

मावशीने पाठीचा तुकडा मांडीवर ठेवला. त्याच्या कडेच्या टाक्यांवरून बोट फिरवलं. मग सुचिताला विचारलं, "आनि गाठ आसंल त?"

सुचिताला प्रश्न कळला नाही. मला कळला. मावशीने सुई काढून घेतली, टोक धरलं आणि आमच्या डोळ्यांदेखत ती सुंदर पाठ सरसर उसवली. तिसऱ्या मिनिटाला तिच्यासमोर नुसती लोकर होती. सुचिता घाबरली, तिला वाटलं आपल्या बोलण्याने सासूबाई दुखावल्या. मलाही आधी रागच आला, माझे एवढे दिवस पाण्यात गेले होते. पण राग फार टिकला नाही. मी पुढे सरकून म्हटलं, "मावशी, मारायच्याच असतील तर नुसत्या कडेला नको. दर ओळीला कडेला मारा, आणि मधे मधेही मारा. गळ्याला तर एकही टाका मोकळा सोडू नका."

क्लासच्या मास्तरणीने असं सांगणं म्हणजे डॉक्टरने विष लिहून देणं. मी खुशीने लिहून दिलं.

एकाच गोष्टीवर ती अडली. दुसऱ्यांदा पाठ विणून झाल्यावर तिने ती गालाला लावून बघितली. मग माझ्या गालाला लावली. "टोचतंय का गो?"

"टोचतंय. आतून फार टोचेल."

वैर विहिणीशी होतं, बाळाशी नव्हतं. तिने तोही भाग उसवायला घेतला, पण आता तो उसवेना. मग कात्री लावून टाकून दिला आणि तिसऱ्यांदा विणायला बसली. या खेपेला सगळ्या गाठी बाहेरच्या बाजूला. आतून मऊ, बाहेरून ओळीने लाल गाठी, दोन्ही कुशींना, बाह्यांना, गळ्याभोवती. दिसायला ते ध्यानच होतं, खोटं कशाला बोलू. एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब. पण दोन जणांनी दोन टोकांना धरून ओढलं असतं तरी सुटलं नसतं. आम्ही ओढून पाहिलं होतं.

जानेवारीत नात झाली. बारशाला गावातली दहा-बारा माणसं जीप करून नाशिकला निघाली. मावशीने मला बरोबर घेतलं. घाट चढला तशी बोटं गार पडायला लागली. मावशीने स्वेटर पिशवीत ठेवला नव्हता, पदराखाली धरला होता.

मीनाबाईंचं घर नीटनेटकं होतं, मान्य करते. बाळ पाळण्यात, अंगात मीनाबाईंनी विणलेला पांढराशुभ्र स्वेटर, टोपी, मोजे, एका जोडीतले. काम बारीक आणि सुरेख होतं. एवढ्या चांगल्या हातांची बाई एवढी खडूस असावी, याचा मला जास्तच राग आला. बायका आल्या, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या, आणि मग कोणी काय आणलं ते बघायची वेळ झाली. मावशीने लाल स्वेटर पुढे केला. खोलीतल्या सगळ्या माना वळल्या. लांबून दिसतच होता.

मीनाबाईंनी तो दोन्ही खांद्यांना धरून वर उचलला. "अगंबाई, ह्या गाठी कसल्या? मी म्हटलं होतं ना, यांनी जाळंच विणून आणलंय."

हसल्या बायका. मावशी भिंतीशी पाय पसरून बसली होती. ती वाट बघत होती.

"असू दे, असू दे. लोकर चांगली दिसतेय," मीनाबाई म्हणाल्या. "मी नीट करून देते." आणि शेजारणीशी बोलता बोलता, हाताच्या सवयीने, त्यांनी गळ्याचं टोक शोधलं आणि ओढलं. धागा टिचभर आला आणि थांबला. त्यांनी न बघताच पुन्हा ओढलं. थांबला. मग बघून ओढलं. मग केसातली पिन काढून गाठीत घातली. पिन वाकली. नखाने उकलायला गेल्या तर नख मोडलं. त्यांचं शेजारणीशी बोलणं कधीच बंद पडलं होतं. बाकीच्या बायका पुढे सरकून बघायला लागल्या होत्या. विणणाऱ्या बायका होत्या त्या, त्यांना काय चाललंय ते नीट कळत होतं.

"ओरा, विहीनबाय, ओरा," मावशी शांतपणे म्हणाली. "तुमचं हात नाजूक हायेत."

आता जे हसू आलं ते दुसऱ्या बाजूने आलं. मीनाबाईंचा चेहरा स्वेटरच्या रंगाचा झाला. "कात्री आणा गं," त्या म्हणाल्या. एका म्हाताऱ्या बाईंनी टोकलं, बारशाच्या दिवशी बाळाच्या नव्या कपड्याला कात्री लावू नये. पण मीनाबाई हट्टाला पेटल्या होत्या. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, त्यातली गत. त्यांनी कात्री घेऊन गळ्याची पहिली गाठ कापली आणि ओढलं. धागा पुढच्या गाठीला येऊन थांबला.

"आजून लय हायेत," मावशी म्हणाली.

तेव्हा सुचिता उठली. बाळंतीण बाई, डोक्याला रुमाल बांधलेला, इतका वेळ पाळण्याशी बसून होती. तिने आईच्या हातातून स्वेटर काढून घेतला. "मम्मी, पुरे." पांढऱ्याच्या वरूनच तिने तो लाल स्वेटर बाळाला घातला, लांब बाही दुमडली आणि मुलीला उचलून मावशीच्या मांडीवर दिलं. बाळ रडलं नाही. फोटोवाल्याने फोटो काढला.

मला वाटलं, जिंकलं. मी तर मनातल्या मनात पेढे वाटत होते. मावशी मात्र मीनाबाईंकडे बघत राहिली होती. खोलीभर बायका होत्या, माफीला याहून चांगली जागा नव्हती. मीनाबाईंनी मोडलेलं नख पदराने झाकलं, जरा हसल्या आणि म्हणाल्या, "मी आपली मस्करी करत होते हो. तुम्ही मनाला लावून घेता."

परत येताना घाटात मी म्हटलं, "मावशी, चांगली जिरली."

"मस्करी बोल्ली ती," मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मस्करीची माफी नसते. मंग आजून झाला नाय."

एप्रिलमध्ये मीनाबाई लेकीला आणि नातीला सासरी पोचवायला आल्या. उकाड्याने जीव नकोसा झाला होता, आणि तरीही सुचिताने सामानात तो लाल स्वेटर वरच ठेवला होता. ती सहज सांगत होती, पांढऱ्या स्वेटरांची वाट लागली, बाळाची बोटं विणीत अडकायची, एक टाका ओढला की वीतभर उसवायचं. हा मात्र जसाच्या तसा. हिवाळाभर हाच घातला. मीनाबाई हे ऐकत बसल्या होत्या. स्वतःच्या पोटच्या मुलीने सगळ्यांसमोर दुसरीचं काम वर ठेवणं, हे त्यांना किती झोंबलं ते मला त्यांच्या कपाळावर दिसत होतं. झोंबू दे म्हटलं.

दुपारी जेवणं झाली, सुचिता बाळाला घेऊन आत झोपली. ओट्यावर आम्ही चौघं, मावशी, मी, मीनाबाई आणि दाराशी पाय मुडपून बसलेले देवजीकाका. मीनाबाईंनी पिशवीतून सुया आणि फिकी निळी लोकर काढली. आधी नाशिकच्या हवेबद्दल बोलल्या, मग आपल्याला विणकामात कोण कोण मानतं ते सांगितलं. ज्यांना मागायची सवय नसते ते असंच लांबून वळसा घालून येतात. शेवटी म्हणाल्या, "पहिल्या वाढदिवसाला मी एक विणणार आहे. मोठा, पुढच्या थंडीपर्यंत पुरेल असा. तो टिकला पाहिजे. तुमची ती गाठ मला दाखवाल का?"

मी मावशीकडे पाहिलं. ती मीनाबाईंकडे बघत होती, अगदी लक्ष देऊन, म्हणजे वाक्य अजून संपलं नसावं असं. जरा थांबलीही. मीनाबाईंनी लोकरीचं टोक सोडवून पुढे केलं. पुढे काही बोलल्या नाहीत.

"दावते की," मावशी म्हणाली. "जवल सरका."

तिने निळी लोकर घेतली आणि हळूहळू, मीनाबाईंना कळेल अशी, गाठ मारून दाखवली. मी दिवाळीपर्यंत तिच्या गाठी दाताने सोडवल्या होत्या. ती गाठ दोनदा फिरून खालून वर येते आणि टोक आत गिळते. ही एकदाच फिरली आणि तिचं टोक बाहेर वळून राहिलं. दिसायला तशीच, टणक. दाराशी देवजीकाकांनी मान वर केली, बायकोच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विडी शोधायला लागले.

मीनाबाई हुशार, त्यांना दुसऱ्या खेपेलाच जमली. त्यांनी एक ओळ विणली, कडेला गाठ मारली, दुसरी विणली, मारली. हात झरझर चालायला लागले. बोटाने गाठ दाबून बघत त्या म्हणाल्या, "झकास. आता कोणाची टाप आहे उसवायची."

"कोनाची नाय," मावशी म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

चहा झाला. मीनाबाई बशीत ओतून दोन कप प्यायल्या, उन्हं उतरल्यावर विपुलबरोबर एसटीला गेल्या. जाताना मावशीचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बरं झालं शिकवलंत."

दोघं वळणाआड गेली तेव्हा जन्मभर किनाऱ्याला होडी बांधत आलेले देवजीकाका म्हणाले, "ती त होरी बांदायची गाठ. हिसका दिला का सगली सुटंल."

"म्हायती हाय."

मला इतकं बरं वाटत होतं की सांगता येत नाही, पण एकदा विचारावंसं वाटलं. "मावशी, एवढ्या लांबून ती आपल्या दारात आली. मागायला आली होती हो."

मावशीने रिकामे कप गोळा केले. "माफी मागाया आली आसती त खरी शिकवली आसती," ती म्हणाली. "ती गाठ मागाया आलती."